आधी गार, मग गरम

हळद किती शिजवायची हे हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरच्या शेतकऱ्याला शिकवायला कुणी जाऊ नये. फेस आला का, वास सुटला का, कंदात काडी सहज शिरते का, हे तो नाकानं आणि बोटानं ओळखतो. कमी शिजली तर वाळायला वेळ लागतो, जास्त शिजली तर रंग बिघडतो, आणि दोन्हीकडून भाव पडतो. म्हणून हंगामात कळमनुरी-वसमतचा सगळा पट्टा वाफेवर नजर ठेवून असतो. बॉयलरचा व्हॉल्व्ह अडकला तर काय होईल, हेही इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच शेतकऱ्याच्या घरात न्हाणीच्या भिंतीवर आणखी एक बॉयलर टांगलेला आहे. त्याला आपण गिझर म्हणतो. बसवला त्या दिवशी मिस्त्रीनं त्याचा नॉब शेवटपर्यंत फिरवला, तो आजही तिथंच आहे. हळकुंडाला जेवढं जपतो, तेवढं लेकराच्या कातडीला जपायला काय हरकत आहे?

आंघोळीचं पाणी अंगाला बरं वाटतं ते ३८ ते ४० अंशांना. ४२-४३ म्हणजे चांगलंच कडक. तान्ह्या बाळाला ३७-३८ पुरे. घरचा साठवणीचा गिझर मात्र शेवटच्या खुणेवर ७५ अंशांपर्यंत जातो. म्हणजे पाणी आधी ७५ ला न्यायचं आणि मग त्यात विसण घालून चाळीसला आणायचं, असा आपला रोजचा उद्योग आहे. मधल्या त्या पाच-दहा मिनिटांत ७५ अंशांचं पाणी नळात, बकेटीत, हंड्यात उघडं असतं, आणि त्याच वेळी घरातलं दीड वर्षाचं पोर न्हाणीच्या दारात उभं असतं.

कातडी किती वेळात भाजते याचा अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. तेच आकडे आजही जगभर वापरतात. ५० अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला साधारण पाच मिनिटं लागतात. ५५ ला अर्धा मिनिट. ६० ला पाच सेकंद. ६५ च्या पुढं दोन सेकंद किंवा त्याहूनही कमी. दोन सेकंदांत माणूस दचकतो, ओरडतो, हात मागं घ्यायच्या आत काम झालेलं असतं. लेकराची कातडी पातळ असते, त्याला याच्याही आत भाजतं. ५० आणि ७० अंश या दोन्ही पाण्यांवर वाफ दिसते, हाताला दोन्ही ‘गरमच’ लागतात. एकात सावरायला मिनिटं मिळतात, दुसऱ्यात सेकंदसुद्धा पुरता मिळत नाही. वाफ बघून पाण्याचा अंदाज करणारांनी हे पाठ करून ठेवावं.

आता बकेट भरायची पद्धत. आपल्याकडं बहुतेक घरांत आधी कढत पाणी ओतलं जातं आणि मग विसण घालायला कुणीतरी गार पाण्याचा तांब्या शोधत फिरतं. तेवढ्यात फोन वाजतो, दूधवाला येतो, चुलीवरची भाकरी करपते. बकेट तशीच जमिनीवर, लेकराच्या कमरेच्या उंचीला. पोर तिच्यात हात घालतं, काठ धरून ओणवं होतं, किंवा मागं सरकत येऊन बसतं. हा अपघात ‘झाला’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मी म्हणतो, तो बकेट भरण्याच्या क्रमातच होता. आधी गार पाणी घाला, मग त्यात गरम सोडा. एवढा एकच क्रम बदलला तर बकेटीत कढत पाणी उघडं राहण्याची वेळच येत नाही. त्याला पैसा लागत नाही, मिस्त्री लागत नाही. सासूबाईंची पद्धत वेगळी असेल तर सासूबाईंना सांगा. आजोबांनाही सांगा, कारण सकाळी नातवाचं पाणी बऱ्याचदा तेच काढतात.

स्वयंपाकघरातल्या गॅसवर गंजभर पाणी उकळायचं आणि तो गंज पदराच्या टोकानं धरून ओसरी ओलांडत न्हाणीपर्यंत न्यायचा, ही चाल तर बंदच करायला हवी. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे हे प्रत्येक घरात चालतं: अंधार, तेलकट फरशी, पायात घुटमळणारी पोरं आणि हातात उकळतं पाणी. गंजातलं पाणी आंघोळीइतकं कोमट होईपर्यंत गार पाणी मिसळून मगच तो उचलला, तर सांडला तरी फक्त फरशी ओली होईल.

बाळंतिणीच्या आणि बाळाच्या न्हाण्याबद्दल बोललं की घरातली मोठी माणसं रागावतात, तरी बोलतो. कडकडीत पाण्यानं बाळ ‘घट्ट होतं’ ही समजूत सोडून द्या. मालिश करणाऱ्या बाईचा हात वर्षानुवर्षांच्या कामानं राठ झालेला असतो. तिला जे कोमट लागतं ते बाळाला पोळतं. पाणी कोपरानं बघा, तळहातानं नको. आणि बाळ हातात घेतल्यावर नळ उघडायचा नाही. पाणी आधी तयार, बाळ मागाहून.

दुसरं टोक म्हाताऱ्या माणसांचं. मधुमेहानं पायाच्या नसा बधिर झालेल्या माणसाला गरम पाण्याचा चटका कळत नाही. संध्याकाळी घमेल्यात मिठाचं गरम पाणी घेऊन पाय शेकत बसायची सवय आपल्याकडं घरोघर आहे. साखर असलेल्या माणसानं हे करू नये. करायचंच असेल तर पाणी दुसऱ्यानं हात घालून बघितलेलं असावं. भाजलेला पाय त्याला दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर कळतो, आणि मधुमेहातली पायाची जखम बोटावर थांबेल की घोट्यावर, हे कुणी सांगू शकत नाही.

मग नॉब कुठं ठेवायचा? माझं उत्तर: साठ, त्याच्या वर नाही. लहान मूल किंवा फार थकलेलं माणूस घरात असेल आणि १५ लिटरची टाकी रोज रिकामी होऊन रोज ताजी तापत असेल, तर ५० ते ५५ वर आणा आणि आठवड्यातून एकदा साठपर्यंत तापवून घ्या.

साठच का, चाळीसवरच का ठेवू नये? एवढी काळजी असेल तर थेट आंघोळीच्याच तापमानाला पाणी साठवावं, असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात सापडलं. माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेली माणसं न्यूमोनियानं पटापट दगावली आणि पुढच्या वर्षी त्यामागचा जंतू हाती लागला. त्याला लिजिओनेला म्हणतात. साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो, पन्नासच्या पुढं वाढत नाही, आणि साठला काही मिनिटांत मरतो. पाण्याच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना साठवलेलं गरम पाणी साठला ठेवा म्हणते. तीन-चार दिवस गावाला जाऊन आलात आणि गिझरच्या टाकीत कोमट पाणी तसंच पडून असेल, तर ते एकदा साठपर्यंत तापवून मग वापरा. मोठ्या टाक्या असलेल्या वसतिगृहांना आणि लॉजना हा नियम घरापेक्षा जास्त लागू आहे. टाकीत साठ आणि अंगावर चाळीस, मधलं काम गार पाण्याचं. यात घोळ घालण्यासारखं काही नाही.

नॉबवर आकडे नसतात, नुसत्या रेषा असतात किंवा एक निळा-लाल पट्टा असतो, ही तक्रार खरी आहे. उपाय आहे. दुधाच्या डेअरीत वापरतात तसला शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणा. तापाचा थर्मामीटर यात घालू नका, तो ४२-४३ लाच संपतो. गिझरचा दिवा बंद झाला की गरम नळ थोडा वाहू द्या, स्टीलच्या गिलासात पाणी घ्या आणि मोजा. जास्त असेल तर नॉब थोडा मागं घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. साठ सापडला की तिथं नेलपॉलिशची खूण करा. ज्या गिझरचा नॉब आतल्या झाकणाखाली असतो तिथं मेन स्विच बंद करून मिस्त्रीकडून करून घ्या.

आता पैशाचं. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० लिटर पाणी एका अंशानं तापवण्याइतकी उष्णता. हा एक आकडा लक्षात ठेवला की कुठलाही दुकानदार आपल्याला फसवू शकत नाही. वीस लिटरची बकेट २० अंशांवरून ४० वर न्यायची तर वीस गुणिले वीस, चारशे. चारशे भागिले ८६०, म्हणजे अर्ध्या युनिटाच्या थोडं खाली. तुम्ही टाकी साठला ठेवा नाहीतर पंचाहत्तरला, त्या बकेटीला जाणारी उष्णता तेवढीच. मग नॉब खाली आणून वाचतं काय? वाचतं ते टाकीच्या भिंतीतून हवेत जाणारं. न्हाणीत २० अंश असताना साठच्या टाकीचा बाहेरच्या हवेशी फरक ४० अंशांचा, पंचाहत्तरच्या टाकीचा ५५ अंशांचा. गळती या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे वरच्या नॉबवर ती एक तृतीयांशाहून जास्त वाढते. आणि गिझर पहाटे पाचला लावून घरातला शेवटचा माणूस नवाला न्हायला गेला, तर ही गळती चार तास चालते. बीईई या सरकारी संस्थेच्या ताऱ्यांच्या लेबलवर ही गळती चोवीस तासांना किती युनिट हे छापलेलंच असतं. विकत घेताना तारे मोजायच्या आधी तो आकडा वाचा.

बरेच जण नॉब वर का नेतात तेही मला ठाऊक आहे. टाकी पंधरा लिटरची आणि माणसं सहा. साठ अंशांच्या पंधरा लिटरांत पंधरा लिटर गार मिसळलं की चाळीसचं तीस लिटर पाणी होतं, दीड बकेट. पंचाहत्तरला नेलं तर तेच चाळीस लिटरांच्या आसपास जातं. त्या जास्तीच्या दहा लिटरांसाठी आपण दोन सेकंदांत भाजणारं पाणी नळात ठेवतो. हा व्यवहार मला मान्य नाही. दोन हजार वॅटचा गिझर पंधरा लिटर पाणी २० वरून ६० ला वीस-बावीस मिनिटांत नेतो. दोघांची आंघोळ झाली की पुन्हा तेवढा वेळ थांबा. थांबणं जमत नसेल तर पंचवीस लिटरची टाकी घ्या. वेळेवर लावा, तापल्यावर बंद करा, आणि घरातल्या आंघोळी एकापाठोपाठ एक उरका. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त आहे आणि त्याच्या पुढचा दर दुपटीच्या आसपास जातो. हिवाळ्यात गिझरमुळं मीटर शंभरच्या पलीकडं सरकला की ती वरची युनिटं महाग पडतात. म्हणून थंडीतलं एकेक युनिट मोजावं.

व्होल्टेजबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो. खाली आलेल्या व्होल्टेजला गिझर ‘जास्त लाइट खातो’ असं लोक म्हणतात. तसं नाही. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर गिझरची ताकद साठ टक्क्यांवर येते, पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिटं जवळपास तेवढीच पडतात. वेळ लागतो म्हणून नॉब वर फिरवणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. नॉबनं पाणी लवकर तापत नाही, फक्त उशिरा थांबतं.

आपल्या भागात एक बचत अशी आहे की ती शहरातल्या माणसाला मिळत नाही. बोअरचं पाणी. डिसेंबर-जानेवारीत परभणी-हिंगोलीकडं पारा एक आकडी होतो, गच्चीवरची टाकी रात्रभर गारठते आणि सकाळी तिचं पाणी पंधरा अंशांच्या आसपास येतं. त्याच वेळी बोअरमधून पाणी २५-२६ अंशांचं निघतं. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास सारखंच असतं, म्हणून ते उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं. आता हिशेब करा. पंधरावरून चाळीस म्हणजे पंचवीस अंश, सव्वीसवरून चाळीस म्हणजे चौदा. जवळपास निम्म्यावर. मोटार तुम्ही नाहीतरी दिवसातून एकदा लावताच. ती रात्री लावण्याऐवजी पहाटे लावा आणि ताजं पाणी थेट न्हाणीत घ्या. विजेची ही बचत कुठल्याही पाच तारेवाल्या गिझरनं होणार नाही.

मे महिन्यात तर गिझरचं बटणच लावू नये. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी स्वतःच आंघोळीपेक्षा गरम असतं. तरीही सवयीनं लाल दिवा लावणारी घरं मी पाहिली आहेत.

बोअरच्या पाण्याचा दुसरा गुण म्हणजे क्षार. बेसाल्टच्या खडकातून आलेलं हे पाणी जड असतं आणि तापलं की एलिमेंटवर पांढरा थर धरतं. साठच्या वर हा थर झपाट्यानं चढतो. त्यामुळं वीज फार वाढत नाही, पण एलिमेंट आतल्या आत जास्त तापून जळतो आणि टाकीच्या तळाशी खडे साचतात. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. जड पाण्याच्या गावात तो वर्षातून एकदा काढून बघायला हवा. दिवाळीच्या आधी घर झाडताना गिझरही उघडून घ्या. सोलरच्या नळ्यांचीही हीच गत होते.

सोलरला तर नॉबच नाही. कडक उन्हात काचेच्या नळ्यांचं पाणी ८० च्या पुढं जातं. वरून येणाऱ्या पाइपात आधी गार पाणी असतं, हात घालून बघितलं तर बरं वाटतं, आणि पुढच्या क्षणी खरं पाणी येतं. या एका गोष्टीमुळं हाताचा अंदाज फसतो. सोलरच्या घरात नळाखाली थेट उभं राहू नये. बकेट घ्यावी, आणि तीही गार पाण्यानं सुरू करावी. वसतिगृहं चालवणाऱ्यांनी मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. तिथं पोरं घाईत असतात आणि विसण घालायला आई नसते.

आता त्या मिस्त्रींबद्दल, आणि इथं मी मऊ बोलणार नाही. गिझरवर पितळेचा किंवा स्टीलचा एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, त्यातला थोडा दाब थेंबाथेंबानं तिथून बाहेर पडतो. ते थेंब बघून घरमालक म्हणतो ‘लीक आहे’, आणि मिस्त्री तिथं डमी ठोकतो. थेंब थांबतात. आतला थर्मोस्टॅट ज्या दिवशी चिकटेल त्या दिवशी ती टाकी बंद कुकर झालेली असेल. थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडण्यासाठी आत आणखी एक कटआउट असतो. तो वारंवार उडतो म्हणून काही जण त्याला ‘डायरेक्ट’ करून देतात. शंभर-दोनशे रुपयांत घराचा जीव टांगणीला लावायचा हा धंदा आहे, आणि तो करणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नये. ठिबकणारा व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. फार ठिबकत असेल तर नवीन बसवा. बंद कधीच करू नका.

टांगण्याचंही बघा. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये कळमनुरी तालुक्यातच केंद्र असलेले साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. बाळापुरात भांडी वाजली हे कुणी विसरलेलं नाही. पंधरा लिटरची भरलेली टाकी पंचवीस किलोच्या आसपास भरते. ती विटेच्या भिंतीत लाकडी गुट्टी आणि दोन खिळ्यांवर, आणि तीही नेमकी आंघोळीच्या पाटाच्या वर टांगलेली असेल, तर ती काढून अँकर फास्टनरवर बसवा, आणि जागा बदलून घ्या.

रॉडवाल्या घरांना वेगळं सांगतो, कारण ती घरं अजून बरीच आहेत. दीड हजार वॅटचा रॉड वीस लिटरची बकेट २० वरून ४५ ला वीस-पंचवीस मिनिटांत नेतो आणि सव्वा तासात उकळी आणतो, कारण साध्या रॉडला थांबायचं कळत नाही. प्लास्टिकची बकेट वितळते, लोखंडी बकेटीत करंट उतरतो. पाणी तापलं का हे बघायला बटण चालू असताना बोट घालणारा माणूस दरवर्षी कुठंतरी मरतो. बटण बंद, पिन बाहेर, मग हात. हा क्रम एकदाही मोडायचा नाही. घरात तीस मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे गिझरवाल्या घरांनाही लागू आहे: गिझरचा खर्च केलात, त्यात एवढी भर पडली तरी चालेल. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. आपली जमीन मार्चनंतर इतकी वाळते की अर्थिंगची तार नुसती पुरलेली राहते.

गॅस गिझर न्हाणीच्या आत नको, बाहेर. थंडी वाजते म्हणून झरोक्यात गोणपाट कोंबलेल्या चार बाय पाचच्या न्हाणीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि चक्कर येईपर्यंत कडी काढायचं भान राहत नाही. राज्यातल्या शहरांतून अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येत राहतात. बाळापुरात नवीन घरं याच गिझरांनी भरत आहेत, म्हणून आत्ताच सांगतो.

तांब्याचा बंब अजून ज्यांच्या अंगणात आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. पराट्या आणि तुराट्या शेतात फुकट जळतात, त्या बंबात जाळा. तो वरून उघडा असतो, त्यात दाब साचत नाही, आणि जाळ अंगणात असला की धूर घरात येत नाही. पाणी मात्र त्यातही उकळतं, त्यामुळं बकेटीचा नियम तोच.

नॉबचा हाच घोळ परदेशातही आहे. इंग्लंडात मुलाकडं गेलेल्या आई-बाबांचे फोन येतात की इथं गॅसचं बिल भयंकर येतं. त्यांच्या घरचा कॉम्बी बॉयलर खोल्या गरम ठेवणाऱ्या भिंतीवरच्या रेडिएटरना पाणी पाठवतो, ते बहुधा ७०-८० ला लावलेलं असतं. ते साठवर आणायला सांगा. नवीन प्रकारच्या बॉयलरमध्ये परत येणारं पाणी पंचावन्नच्या खाली असलं तरच धुरातली वाफ निवते आणि तिची उष्णता वसूल होते. २०२२ मध्ये तिथं नेस्टा या संस्थेनं घरोघर हाच एक आकडा बदलायची मोहीम चालवली होती. कॉम्बीत गरम पाणी साठत नाही, म्हणून नळाचं पन्नासच्या खाली आणलं तरी चालतं. घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र तिला साठच हवेत.

इतकं करूनही कुणी भाजलंच तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. भाजलेला भाग नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस. ओले गरम कपडे, बांगड्या, वाळे, करगोटा लगेच काढा. कापड चिकटलं असेल तर ओढू नका. लहान मूल असेल तर भाजलेला भाग सोडून बाकीचं अंग गरम ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. आणि हळदसुद्धा नको. हळदीच्या जिल्ह्यात हे ऐकायला जड जाईल, पण भाजलेल्या उघड्या कातडीवर पूड लावली की जखम घाण होते आणि डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते, तेव्हा पोराला दुसऱ्यांदा यातना होतात. स्वच्छ ओलं फडकं सैल झाका आणि निघा. १०८ ला फोन करा. चेहरा, हात, गुप्तांग भाजलं असेल किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल तर फोड लहान दिसला तरी घरी थांबायचं नाही. मोठं भाजलेलं माणूस शेवटी नांदेड गाठतं, आणि तो रस्ता वीस मिनिटांचा नाही. वाटेला लागायच्या आधीची नळाखालची वीस मिनिटं मात्र तुमच्याच हातात आहेत.

बाळापूरच्या बाजारातल्या दुकानदारांना माझी विनंती आहे. गिझर विकताना बिलाबरोबर नॉब साठला लावून द्या, सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी आहे हे गिऱ्हाइकाला उभं राहून सांगा, आणि आरसीसीबी नसलेल्या घरात गिझर बसवायला माणूस पाठवू नका. आशाताईंना विनंती आहे की बाळंतिणीच्या घरी जाल तेव्हा बकेट कशी भरतात ते एकदा बघा. आणि तुम्हाला, वाचणारांना: हा अंक खाली ठेवा, न्हाणीत जा, आणि नॉब मागं फिरवून या.